पूर्वपक्षही त्यांचाच : नीळकंठशास्त्री ऊर्फ फादर नेहेम्या गोरे

पुण्याच्या पंचहौद मिशनचे नाव मराठी वाचकाला ठाऊक असते ते चहामुळे. १८९० साली गोपाळराव जोश्यांनी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंच्या यजमानांनी, शहरातल्या प्रतिष्ठित मंडळींना तिथे जमवले. व्याख्यान झाले, चहा-बिस्किटे पुढे आली, आणि पाठोपाठ हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात झळकली. मग ग्रामण्य उभे राहिले, शंकराचार्यांपर्यंत तक्रार गेली, टिळकांनी आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले, आणि रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले म्हणून सुधारकांनीच त्यांना धारेवर धरले. ही कथा आपण इतक्या वेळा ऐकली आहे, की ज्या मिशनात तो चहा झाला ते चालवणारे लोक कोण होते हे विचारायचे आपल्याला सुचतच नाही.

ते होते इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चमधले काउलीचे संन्यासी. त्यांच्या संघाशी एक मराठी माणूस जवळजवळ वीस वर्षे जोडलेला होता. चहाच्या पेल्याने पुण्याची झोप उडवली त्याच्या बेचाळीस वर्षे आधी या माणसाने जात, घर आणि काशीतली पंडिताची गादी, सगळे सोडले होते. त्याचे नाव नीळकंठशास्त्री गोरे. बाप्तिस्म्यानंतरचे नाव नेहेम्या. इंग्रजी ग्रंथांत त्यांच्या आडनावाच्या शेवटी एक ‘एच’ चिकटलेला असतो. त्यामुळे सूची चाळताना हे आपले गोरे आहेत हे चटकन लक्षात येत नाही. माझ्याही आले नव्हते.

मी त्यांच्यापर्यंत पोहोचलो तो पंडिता रमाबाईंच्या वाटेने. ख्रिस्ती धर्माकडे आपण कशा वळलो हे सांगताना रमाबाई फादर गोरे यांचे ऋण मोकळेपणाने मान्य करतात. संस्कृतच्या बळावर कलकत्त्याच्या पंडितांकडून ‘सरस्वती’ ही पदवी मिळवणारी बाई ज्याच्यापुढे वाद थांबवते तो माणूस कोण, या कुतूहलापोटी मी शोधू लागलो. शोधता शोधता हाती आली ती एक विलक्षण गोष्ट. गोऱ्यांनी ख्रिस्ती धर्माच्या समर्थनार्थ पुष्कळ लिहिले, पण त्याआधी त्याच धर्माच्या खंडनाचा एक संस्कृत ग्रंथ त्यांनी लिहून ठेवला होता. माझ्या समजुतीप्रमाणे पुढचे सारे आयुष्य ते त्या पहिल्या ग्रंथालाच उत्तर देत होते.

गोऱ्यांचे घराणे चित्पावन, कोकणातून उत्तरेत गेलेले. आजोबा बांद्याच्या नबाबाच्या पदरी मोठ्या हुद्द्यावर होते. हा नबाब बाजीराव-मस्तानीच्या वंशातला, त्यामुळे बुंदेलखंडात मराठी ब्राह्मण कारभाऱ्यांची वर्दळ स्वाभाविकच होती. नीळकंठाचा जन्म ८ फेब्रुवारी १८२५ रोजी झाशीजवळच्या काशीपुरा गावी झाला आणि ते वाढले बनारसमध्ये. काशीतले दक्षिणी पंडित हे गागाभट्टांच्याही आधीपासूनचे एक स्वतंत्र जग होते. घरात मराठी, बाहेर हिंदी आणि सभेत संस्कृत. नीळकंठाने व्याकरण आणि न्याय यांचे अध्ययन केले. घर शैव होते. या मुलाने ग्रंथ वाचून, विचार करून, स्वतःपुरता विष्णू पत्करला. कुलदैवत बदलण्याची ही गोष्ट पुढच्या घटनांपुढे किरकोळ वाटते; पण मला ती महत्त्वाची वाटते. पटले नाही तर घरचे असले तरी सोडायचे आणि पटले तर त्याची पूर्ण किंमत मोजायची, हा स्वभाव तिथेच दिसतो.

त्या काळी बनारसच्या बाजारात चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम स्मिथ उभे राहून प्रवचने देत. तरुण नीळकंठशास्त्री त्यांना गप्प करायच्या इराद्याने गेले. वाद तोंडी सुरू झाला, पण शास्त्र्याला तोंडी वादात समाधान कसले? लिखित ग्रंथाला लिखित उत्तर हवे. तो ग्रंथही समोर होता. कंपनी सरकारच्या नोकरीतले संस्कृतज्ञ जॉन म्यूर यांनी १८३९ साली ‘मतपरीक्षा’ नावाचे पुस्तक संस्कृत श्लोकांत लिहिले होते. खरा धर्म ओळखायचा कसा, असा त्याचा प्रश्न. संस्थापकाचे चमत्कार, धर्मग्रंथाचे पावित्र्य आणि सर्व मानवजातीला लागू पडण्याची क्षमता, अशा कसोट्या लावून म्यूरसाहेब ख्रिस्ती धर्माला पहिला नंबर देतात. याला देशी पंडितांकडून संस्कृतातच तीन उत्तरे आली. पहिले ‘सोमनाथ’ या नावाने. हे सोमनाथ म्हणजे सिहोरचे आपले सुबाजी बापू, असे अभ्यासक मानतात. दुसरे कलकत्त्याच्या हरचंद्र तर्कपंचाननांचे. तिसरे, १८४४-४५ च्या सुमारास लिहिलेले, वयाची विशीही न ओलांडलेल्या नीळकंठ गोऱ्यांचे : ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’. गंमत म्हणजे १८४४ मध्येच म्यूर बनारसच्या संस्कृत पाठशाळेचे प्रमुख झाले होते. वादी आणि प्रतिवादी एकाच गावात.

संस्कृत मी शाळेनंतर पुन्हा हातात घेतले ते चाळिशी उलटल्यावर, आणि तेही एका निवृत्त शिक्षकांच्या ओसरीवर बसून. त्यामुळे हा ग्रंथ मी वाचला तो मुंगीच्या पावलांनी. तरीही त्याची धार जाणवल्यावाचून राहिली नाही. गोऱ्यांचा पहिला मुद्दा बुद्धीच्या मर्यादेचा आहे. तर्क हा शास्त्राच्या मागून चालणारा. शास्त्राला कोर्टात उभे करण्याचा अधिकार त्याला नाही. म्यूर यांच्या कसोट्या या माणसाने माणसाच्या बुद्धीने ठरवलेल्या, मग त्यांनी ईश्वराचे वचन कसे मोजायचे? आणि मोजायचेच म्हटले तर तुमचाही ग्रंथ त्या तराजूत टिकत नाही. इथून ते आक्रमक होतात. एकच जन्म मानला तर जन्मतःच एक आंधळा आणि एक डोळस का? ज्यांनी काहीच पाप केले नाही त्यांच्या वाट्याला यातना का? पूर्वजन्मीचे कर्म मानले तर ईश्वराकडे अन्यायाचा दोष जात नाही. ते नाकारले तर जातो. शिवाय थोड्या वर्षांच्या आयुष्यातल्या पापासाठी कधीही न संपणारा नरक! अपराध मोजका आणि शिक्षा अमर्याद, याला न्याय कोण म्हणेल? एवढे करून ते ख्रिस्ती मताला थेट खोटेही म्हणत नाहीत. अनधिकारी लोकांना मोहात ठेवण्यासाठी निर्माण झालेली शास्त्रे आपल्या परंपरेत मानलेलीच आहेत. हे मत त्याच खात्यात जमा करून ते मोकळे होतात. प्रतिपक्षाला नाकारण्याऐवजी आपल्याच घराच्या मागच्या पडवीत जागा देण्याची ही खुबी अस्सल शास्त्र्याची आहे.

ग्रंथ लिहिला, पण खंडनासाठी म्हणून वाचलेले बायबल मनातून जाईना. विशेषतः येशूचे डोंगरावरचे प्रवचन. तीन-चार वर्षे हा झगडा चालला, आणि १४ मार्च १८४८ रोजी, काशीत गहजब होऊ नये म्हणून जौनपूरला जाऊन, नीळकंठशास्त्र्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते.

घरच्यांना काय वाटले असेल हे मी लिहीत बसत नाही. ज्याच्या घरात असे काही घडले आहे त्याला ते सांगावे लागत नाही, आणि इतरांना सांगून कळत नाही. पत्नी लक्ष्मीबाई काही काळाने त्यांच्याकडे आल्या आणि त्याही ख्रिस्ती झाल्या. ११ सप्टेंबर १८५३ रोजी बनारसला मुलगी झाली. थोड्याच दिवसांत लक्ष्मीबाई गेल्या. मुलीचे नाव एलन लक्ष्मी. बापाचा निवडलेला धर्म आणि आईचे नाव, दोन्ही तिच्या वाट्याला आले. आईबाप मात्र फारसे आले नाहीत. एका निळीच्या मळेवाल्या इंग्रज दांपत्याने तिला सांभाळले. सत्तावनच्या धामधुमीत त्यांचे सर्वस्व गेल्यावर स्टॉर्स नावाच्या मिशनरी कुटुंबाने तिला घेतले आणि पुढे इंग्लंडला नेले.

मुलगी तान्ही असतानाच, १८५४ साली, गोरे पहिल्यांदा विलायतेला गेले. राज्य गमावलेला, नुकताच ख्रिस्ती झालेला पंधरा वर्षांचा महाराजा दुलीपसिंग इंग्लंडला निघाला होता. त्याच्या सोबत एक पंडित म्हणून यांची नेमणूक झाली. ऑक्सफर्डला मॅक्समुल्लरची भेट झाली. मॅक्समुल्लरने म्हातारपणी आपल्या हिंदी मित्रांच्या आठवणी लिहिल्या, त्यांत गोऱ्यांचे चित्र आहे, आणि ते एका अत्यंत निराश माणसाचे आहे. ज्या धर्मासाठी घर सोडले त्याचा देश पाहायला हा माणूस गेला, आणि लंडनच्या रस्त्यांवर त्याला तो धर्म दिसेना. हाच जर ख्रिस्ती धर्म असेल तर आपण ख्रिस्ती नाही, अशा थराला त्यांचे मन गेले होते. डोंगरावरचे प्रवचन वाचून धर्म बदललेल्या माणसाने लंडनमध्ये दुसरे काय म्हणायचे? १८५५ साली ते परतले. श्रद्धा शाबूत राहिली. पण साहेबाचा धर्म आणि ख्रिस्ताचा धर्म या दोन गोष्टी वेगळ्या आहेत ही खूणगाठ मात्र पक्की बसली असावी.

परत आल्यावर त्यांनी जे लिहायला घेतले तो त्यांचा सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ, ‘षड्दर्शनदर्पण’. १८६० साली तो हिंदीत निघाला. आधीचा ग्रंथ संस्कृतात आणि हा हिंदीत, हेही बोलके आहे. पहिला पंडितांच्या सभेसाठी होता, दुसरा सामान्य वाचणाऱ्यासाठी. दोनच वर्षांत त्याचा इंग्रजी अनुवाद कलकत्त्याहून प्रसिद्ध झाला. तो करणारा फिट्झएडवर्ड हॉल हाही एक वल्लीच. हार्वर्डचा हा पदवीधर बंगालच्या किनाऱ्यावर जहाज फुटले म्हणून हिंदुस्थानात अडकला, संस्कृत शिकून बनारसला प्राध्यापक झाला आणि उतारवयात ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशासाठी वर्षानुवर्षे घरबसल्या राबला.

दर्पणातले सांख्य, योग, मीमांसा, न्याय-वैशेषिक यांवरचे विवेचन वाचनीय आहे. पण गोऱ्यांची लेखणी खरी तापते ती वेदान्तावर. आजही बरेच लोक, त्यांत आपले कीर्तनकारही आले, अद्वैत म्हणजे ‘सगळे देवच आहे’ असे समजतात. गोरे म्हणतात, हे चूक आहे. शंकराचार्य जगाला देव म्हणत नाहीत; ते जगाला खरेपणाच नाकारतात. खरे ते एक ब्रह्म. मग दिसते ते काय? अज्ञानाने भासलेले. यावर त्यांचा प्रश्न सरळ आहे : हे अज्ञान कोणाचे? जीवाचे म्हणावे तर जीवपणाच अज्ञानातून आला. ब्रह्माचे म्हणावे तर ब्रह्मच अज्ञानी ठरले. पारमार्थिक, व्यावहारिक आणि प्रातिभासिक असे सत्तेचे तीन मजले बांधून वेदान्ती एका प्रश्नाला वरच्या मजल्यावर आणि दुसऱ्याला खालच्या मजल्यावर उत्तर देतात, ही त्यांची मुख्य तक्रार. आणि ज्याला स्वतःवेगळे काहीच जाणायचे नाही त्या ब्रह्माला ‘चित्’ म्हणण्यात काय अर्थ उरला, ही दुसरी.

हे आक्षेप नवीन नाहीत. रामानुजांच्या आणि मध्वांच्या अनुयायांनी शतकानुशतके हेच विचारले. गोरे मुळात वैष्णव होते हे इथे विसरू नये. ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी अद्वैतावर जे बाण सोडले त्यांतले निम्मे आपल्याच जुन्या भात्यातले होते. पण या ग्रंथात पुनर्जन्मावरही हल्ला आहे. ज्या कर्मसिद्धान्ताची ढाल करून त्यांनी म्यूरना अडवले होते, तीच ढाल ते इथे मोडतात. एवढेच नव्हे, १८६०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी इंग्रजीत एक पुस्तिका लिहिली, विषय : अनंत नरकाच्या शिकवणीवरचे आक्षेप आणि त्यांचे निरसन. आक्षेप घेणारे कोण, हे वाचकाला आठवत असेल. वीस-बावीस वर्षांपूर्वी काशीत एका मुलाने विचारलेला प्रश्न अजून मिटला नव्हता.

त्यांची उत्तरे मला पटतात का? अनंत नरकाविषयी, नाही. तो संस्कृत आक्षेप मला आजही अधिक बळकट वाटतो. पण आपल्याच विरोधात इतका चांगला वकील आधी उभा करून ठेवलेला दुसरा मराठी लेखक मला माहीत नाही.

गोरे धर्मगुरू झाले ते उशिरा. बाप्तिस्म्यानंतर वीस वर्षे त्यांनी दीक्षा घेतली नाही. १८६८ साली ते डीकन, म्हणजे साहाय्यक धर्मगुरू, आणि १८७० साली पूर्ण धर्मगुरू झाले. इंग्लंडच्या चर्चमध्ये त्या काळी दोन ओढी होत्या. एक वैयक्तिक श्रद्धा आणि बायबल यांवर भर देणारी. स्मिथसाहेबांची सोसायटी त्यातली. दुसरी परंपरा, संस्कारविधी आणि येशूच्या शिष्यांपासून हस्तस्पर्शाने अखंड चालत आलेली गुरुपरंपरा मानणारी. गोरे पहिलीकडून दुसरीकडे सरकत गेले. नवल वाटायला नको. तर्क शास्त्रामागून चालावा, असे म्हणणारा तरुण पन्नाशीकडे झुकताना परंपरेचा अधिकार मानणाऱ्या पंथात स्थिरावला. शास्त्र बदलले, पण शास्त्र्याचा पिंड बदलला नाही. इंदूर, चांदा, पुणे, मुंबई अशी फिरती चालू झाली. १८७६ मध्ये ते पुन्हा इंग्लंडला गेले आणि काउलीच्या संघात उमेदवार म्हणून दाखल झाले. उमेदवारीनंतर अखेरच्या शपथा घ्यायच्या असतात. गोऱ्यांनी त्या कधीच घेतल्या नाहीत. आपण त्या योग्यतेचे आहोत याची त्यांना खात्री वाटेना. पुढची एकोणीस वर्षे, म्हणजे मरेपर्यंत, ते उमेदवारच राहिले. सगळ्या दर्शनांना आरसा दाखवणाऱ्या माणसाने तो स्वतःवरून एकदाही बाजूला केला नाही.

मात्र दुसऱ्यांच्या शंकांपुढे ते ठाम असत. ब्राह्मो आणि प्रार्थनासमाजी हे त्यांचे आवडते प्रतिपक्षी. त्यांच्याशी वाद घालताना त्यांचा मुद्दा एकच : दयाळू पिता असा ईश्वर, पापाची खंत आणि माणसामाणसांतले बंधुत्व या तुमच्या कल्पना उपनिषदांतून आलेल्या नाहीत, त्या ख्रिस्ती शिकवणीतून झिरपल्या आहेत, आणि उधारी मान्य न करता तुम्ही त्या आपल्या म्हणून वापरता. तुकारामांच्या अभंगांवर उभा असलेला प्रार्थनासमाज यावर काय म्हणेल हे आपण जाणतो. विठोबाला मायबाप म्हणायला कोणाही पाद्र्याने शिकवले नव्हते. इथे गोऱ्यांची चूक झाली असे माझे मत आहे. काशीत वाढल्यामुळे असेल, संतांची मराठी त्यांच्या हिशेबात पुरेशी आलेली दिसत नाही.

पण हाच युक्तिवाद एका व्यक्तीच्या मनाला भिडला. १८८२ साली विधवा रमाबाई कडेवर मनोरमा घेऊन पुण्यात आल्या. प्रार्थनासमाजाच्या मंडळींनी त्यांचे स्वागत केले, आर्य महिला समाज निघाला. फादर गोरे त्यांच्या घरी येत, धर्मावर बोलत. रमाबाई वेद, उपनिषदे कोळून प्यालेल्या. त्यांच्याशी त्याच भाषेत बोलू शकेल असा दुसरा ख्रिस्ती धर्मगुरू पुण्यात कुठून मिळणार? पुढच्याच वर्षी त्या विलायतेला वाँटेजच्या जोगिणींकडे गेल्या. तिथे असताना गोऱ्यांची पत्रे आणि पुस्तके त्यांच्यापर्यंत पोहोचत होती. आपण ज्याला ब्राह्मो मत समजत होतो ते खरे तर वेदांतले नव्हे, हे आपल्याला त्यांच्या लेखनामुळे उमगले, असे रमाबाईंनी सांगितले आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा आणि मनोरमेचा बाप्तिस्मा झाला.

यापुढे मात्र शिष्या गुरूच्या वाटेने गेली नाही. तर्काने वेद तपासायला गोऱ्यांनी शिकवले; रमाबाईंनी तोच तर्क चर्चवर चालवला. येशूचे देवत्व, त्रैक्य, बिशपचा अधिकार या सगळ्यांवर त्या वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीनशी वर्षानुवर्षे पत्रांतून झगडल्या. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून दुसऱ्याच्या हाती मान द्यायची त्यांची तयारी नव्हती. गोऱ्यांच्या आयुष्यात तर्क आणि अधिकार हे दोघे आळीपाळीने राज्य करीत होते. रमाबाईंनी त्यांच्याकडून तर्क घेतला आणि अधिकार परत केला.

गोरे १८९५ च्या ऑक्टोबरात मुंबईत वारले. पाच वर्षांनी, १९०० मध्ये, त्यांचे इंग्रजी चरित्र निघाले, लेखक संघातलेच गार्डनर. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाची चर्चा निघाली की आपण बाबा पदमनजी आणि रेव्हरंड टिळकांची नावे घेतो आणि ते योग्यच आहे. त्यांनी मराठीला कादंबरी आणि अभंग दिले. गोऱ्यांचे मोठे ग्रंथ संस्कृत, हिंदी आणि इंग्रजीत. म्हणून ते मराठीच्या वहीत चढले नाहीत, हिंदीवाल्यांनी त्यांना मिशनरी म्हणून बाजूला ठेवले, आणि संस्कृतच्या पंडितांना त्यांचे नाव घेणे अवघड.

एलन लक्ष्मी १८८० साली मिशनकामासाठी हिंदुस्थानात परतली, अमृतसर आणि अलाहाबादला राहिली, १८९७ मध्ये डीकनेस झाली आणि १९३७ साली वारली. ती इंग्रजीत कविता करी. ईश्वराच्या सान्निध्यात लपून विसावण्याविषयीचे तिचे एक भक्तिगीत अमेरिकन संगीतकार स्टेबिन्स यांच्या चालीवर जगभरच्या चर्चमध्ये गायले गेले. बापाच्या ग्रंथांत कुठेच विसावा नाही. मुलीच्या गीतात दुसरे काही नाही.

आणि तो पहिला ग्रंथ? ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हस्तलिखितात राहिला होता. तो संपादून छापला सदाशिव कात्रे यांनी, १९५१ साली, उज्जैनच्या सिंधिया प्राच्य संस्थेतून. म्हणजे काशीच्या मराठी पंडिताचा ग्रंथ शंभरावर वर्षांनी पुन्हा एका मराठी पंडिताच्याच हाती आला. मी वाचतो ती प्रत त्याच आवृत्तीची छायाप्रत आहे. अनंत नरकाच्या आक्षेपाचे श्लोक आले की मी समासात पेन्सिलीने १८६८ असा आकडा टाकून ठेवतो, डीकन झाल्याचे साल. निदान उत्तर कधीच्या सुमारास आले हे ध्यानात राहते.